भुट्ट्याचं स्थळ

२ फेब्रुवारी, रविवार

आज भुट्ट्यासाठी स्थळ सापडलं.

खरं तर मी उंदीर आणायला गेलो होतो. हबीबगंज स्टेशनजवळ (नवं नाव अजून जिभेवर बसत नाही) मासे-पक्ष्यांचं दुकान आहे. तिथे महिन्यातून एकदा गोठवलेले उंदीर येतात, थर्माकोलच्या पेटीत, आइस्क्रीमसारखे. रवींद्र चेन्नईला नोकरीला गेला तेव्हा आपला साप माझ्या गळ्यात घालून गेला. बापाचं नाव नीळकंठ असल्यावर त्याने तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची. कॉर्न स्नेक, जात अमेरिकेतली, बिनविषारी, रंग नारिंगी. परदेशी जात म्हणून नोंदणी करून पाळता येते. कॉर्न म्हणून रवींद्रने नाव ठेवलं भुट्टा. सुरुवातीला मी काचेच्या पेटीपासून हातभर लांब उभा राहून पाणी घालायचो. आता तो माझ्या मनगटाला विळखा घालून बातम्या बघतो. कुसुम असती तर आम्हा दोघांनाही अंगणात झोपावं लागलं असतं. ती पालीला घाबरायची.

तर दुकानात एक बाई उंदरांची साइझ बघत होत्या. भाजी निवडावी तशा निवडत होत्या. मधेच मोबाइलवर कुणाशी तरी मराठीत बोलल्या, म्हणून मी न राहवून विचारलं, “तुमच्याकडे कोण आहे?”

“कॉर्न स्नेक. केशर नाव आहे. माझीवाली मादी आहे.”

“माझा नर आहे,” मी म्हटलं.

दुकानदार हसायला लागला. मग आम्हीही हसलो. नाव वैजयंती खानझोडे, अशोका गार्डनला राहतात, मंडीदीपला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत. आजोबा नागपूरहून सरकारी ऑफिसांबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून इथेच. मराठी बोलतात, पण त्यात हिंदीचं पाणी भरपूर. पुढच्या रविवारी केशरला घेऊन आमच्या क्वार्टरवर येणार आहेत. मुलगी दाखवायला.

८ फेब्रुवारी, शनिवार

जाळ्या काढल्या. पंखे पुसले. रवींद्रला फोनवर सांगितलं तर म्हणाला, बाबा, एवढी साफसफाई सापासाठी? मी म्हटलं, वरपिता आहे मी. केस काळे केले. मुलाकडचा माणूस नीट दिसायला हवा.

९ फेब्रुवारी, रविवार

आल्या. केशर अभ्र्यात होती आणि अभ्रा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत. आत आल्यावर बाईंनी आधी भिंतीवरच्या कुसुमच्या फोटोला नमस्कार केला, मग भुट्ट्याच्या पेटीपाशी गेल्या. तो क्रम मला आवडला.

केशर देखणी आहे. भुट्ट्यापेक्षा लाल, पाठीवरचे डाग जवळजवळ विटकरी. स्वभाव शांत. मी कागदावर माहिती लिहून घेतली: वय तीन, वर्ण केशरी, आठवड्याला एक उंदीर, मूळ गाव अमेरिका. बाई म्हणाल्या, “मूळ गाव एकच आहे, सगोत्र तर नाही निघणार?” मी म्हटलं, अमेरिका मोठी आहे.

दोघांना वेगवेगळ्या पेट्यांत ठेवून काचेतून एकमेकांना दाखवलं. भुट्ट्याने जीभ काढली. केशरने तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या, मुलींनी थोडं असंच करायला पाहिजे.

पण एकत्र ठेवायच्या आधी दोघांची खात्री करून घ्यायची, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. “दुकानदाराने फीमेल म्हणून दिली. त्याला काय पता? तुमच्या मुलानेही फोटो बघूनच ठरवलं ना? लॅबमध्ये आम्ही टेस्टशिवाय पाण्याला पण पाणी नाही म्हणत.”

ही बाई माझ्या खात्यात असायला हवी होती. मी आयुष्यभर कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये. मोजल्याशिवाय पास नाही.

पोहे केले होते. दोनदा घेतले. त्यांना अंडी उबवून बघायची आहेत. पिल्लू आतून नाकाने कवच कापतं, मग नुसतं डोकं बाहेर काढून दिवसभर तसंच बसून राहतं म्हणे, बाहेर यावं की नाही याचा विचार करत. “ते एकदा बघायचं आहे मला,” असं म्हणताना त्या एकदम लहान दिसल्या. आई दहा वर्षं अंथरुणावर होती, दिवसभर हाका मारायची. ती गेली आणि घर गप्प झालं. कुत्रा घ्या, लोक म्हणाले. पण पुन्हा कुणी हाका मारणारं नको होतं, म्हणून साप घेतला.

जाताना म्हणाल्या, “मी पुढच्या रविवारी येते. आज पण मी तर वेळेवर आली.”

“मी आले, म्हणायचं.”

“आले चहात घालतात, देवपुजारी साहेब.”

शेजारच्या सुधावहिनी कुंपणापाशी कढीपत्ता तोडत होत्या, बराच वेळ. विचारलं, पाहुण्या कोण? मी म्हटलं, आमच्या भुट्ट्याचं स्थळ. वहिनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोठा शोध लागला आहे. रवींद्रने परवा माहिती पाठवली. सापाच्या शेपटीच्या बुडाशी खाली एक फट असते. तिच्यातून बारीक, गुळगुळीत सळई शेपटीकडे सरकवायची. नर असेल तर खोल जाते, मादी असेल तर लगेच अडते.

म्हणजे हा तर आमचा गो–नो-गो गेज झाला. भोकाचं माप बरोबर आहे का, हे बघायला आम्ही दुसरं काय करतो? दांडा घालायचा, एक टोक गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. सगळं आयुष्य मी हेच करत आलो आणि आता कळतंय की अमेरिकेत सापांसाठीही हेच करतात. मी लगेच टूल रूममधून स्टीलची एक बारीक सळई आणून घासून, पॉलिश करून ठेवली होती. टोक असं गोल केलं आहे की बोटाला जाणवत नाही.

बाईंना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “काम एकदम छान झालं आहे. पण तुम्ही भुट्ट्याला हात नाही लावायचा. जनावर आहे, नट-बोल्ट नाही.” चुकीचा जोर लागला तर आत कायमची इजा होते. डॉक्टरकडेच जायचं असं ठरलं. मला थोडं वाईट वाटलं, सळई खरंच चांगली झाली आहे.

मग साबुदाण्याची खिचडी. दुपारभर बसल्या. त्यांच्या लॅबमध्ये एक साहेब आहे, चहाचं तापमानही थर्मामीटरने बघतो, त्याची नक्कल करून दाखवली. मी एवढा हसलो की केशर पेटीत डोकं वर काढून बघायला लागली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अर्धी रजा टाकून भुट्ट्याला डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर, हात फार हलका. माझी सळई बघून म्हणाले, “अंकल, ये पूँछ है, पाइप नहीं,” आणि ती ड्रॉवरमध्ये टाकली. स्वतःची काढली, तिला जेली लावली, आणि श्वास धरून मी बघत राहिलो. गेली. सुरेख गेली. भुट्टा नर. डॉक्टरांनी किती खवले खोल गेली तेही मोजून दाखवलं.

दवाखान्यातूनच वैजयंतीबाईंना फोन केला. त्यांनी फोनवरच पेढे मागितले. आता फक्त केशर राहिली, आणि ती मादी आहे हे नक्कीच, पण टेस्ट ती टेस्ट. हे डॉक्टर बुधवारीच बसतात, आणि बाईंना आठवड्यात मधे रजा मिळत नाही. मी म्हटलं, मी नेतो ना. पुढच्या रविवारपासून ती चार दिवस माहेरीच राहील असं समजा. बाई म्हणाल्या, माहेर नाही, सासर. संध्याकाळभर मला ते आठवून हसू येत होतं.

२ मार्च, रविवार

केशर आमच्याकडे आली. मधल्या रविवारी बाईंना सर्दी होती, म्हणून आठवडा फुकट गेला. मी फोन करून काढा सांगितला. तो दिवस फार लांबला, टीव्हीवरही काही धड नव्हतं.

बाईंनी आज उबवणीची पेटी आणली आहे. थर्माकोलची, आत ओलावा धरणारी माती, एका कोपऱ्यात छोटा दिवा, मधोमध थर्मामीटर. लॅबच्या माणसाचं काम ते, कसं नेटकं असणार. अंडी अजून घातली नाहीत, लग्नही व्हायचं आहे, आणि बाळंतिणीची खोली तयार. मी म्हटलं तर म्हणाल्या, “तयारीत मजा आहे.”

त्या गेल्यावर दोन्ही पेट्यांच्या मधे खुर्ची टाकून बसलो. इकडे भुट्टा, तिकडे केशर. घर भरल्यासारखं वाटलं. आता रविवार कधी येतो असं होतं. कित्येक वर्षांनी हे असं सोमवारपासूनच वाटायला लागलं आहे.

५ मार्च, बुधवार

सळई गेली.

सरळ गेली. भुट्ट्यापेक्षाही आत. डॉक्टर म्हणाले, “बधाई हो अंकल, ये भी लड़का है.”

मी म्हटलं, पुन्हा एकदा बघा. आमच्याकडे एकदा मोजलेलं धरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पुन्हा नाही करणार, त्याला त्रास होतो. आणि अडायची असती तर पहिल्यांदाच अडली असती. बरोबर आहे त्यांचं.

स्कूटरवर केशरची पेटी पायांमध्ये धरून परत आलो. वाटेत दोनदा थांबलो, उगीचच. स्थळ मोडलं. मोडलं म्हणजे मुळात स्थळ नव्हतंच. दोन नरांचं काय जुळवायचं.

बाईंचा फोन आला. काय झालं, विचारत होत्या. मी म्हटलं, आज गर्दी होती, डॉक्टरांनी नीट पाहिलं नाही. माझ्या तोंडून हे कसं निघालं कळत नाही. मी कधी नापास माल पास केलेला नाही. एकदा मोठ्या साहेबांनी दबाव आणला, तेव्हाही नाही.

९ मार्च, रविवार

सांगणार होतो. दार उघडल्यावरच सांगणार होतो.

पण त्या येताना माझ्यासाठी संत्र्याची बर्फी घेऊन आल्या, नागपूरहून कुणी आणलेली. मग चहा झाला. मग त्यांनी उबवणीच्या पेटीचं तापमान बघितलं आणि खूश झाल्या. मग ऊन उतरलं.

“केशर जेवली का?” त्यांनी विचारलं.

“जेवलं,” मी म्हटलं. “केशरने पूर्ण उंदीर खाल्ला. छान आहे ते.”

इथे नोंद करून ठेवतो. मी खोटं बोललेलो नाही. केशर हा शब्द मराठीत नपुंसकलिंगीच आहे. केशर महाग झालं, केशर भिजत घातलं, असंच आपण म्हणतो. तेव्हा ‘ते’ म्हणणं व्याकरणाने पूर्ण शुद्ध आहे. ‘ती’ म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. ‘तो’ म्हटलं असतं तर रविवार संपला असता.

भुट्टा आज खूप खूश होता.

१४ मार्च, शुक्रवार

होळी. टाउनशिपमधल्या पोरांनी स्कूटर रंगवली. सुधावहिनी गुजिया घेऊन आल्या आणि विचारलं, काय, कधी उडवायचा बार? मी म्हटलं, अजून बोलणी चालू आहेत. वहिनी म्हणाल्या, “भावजी, बोलणी सापांची चालू आहेत ना?” म्हणजे काय, ते नीट समजलं नाही. दुसऱ्या कुणाची असणार?

१६ मार्च, रविवार

आज फार चांगला दिवस गेला आणि फार वाईट.

त्यांनी पुरणपोळ्या आणल्या होत्या, थोड्या फाटलेल्या. “आईला यायच्या, मला नाही येत,” म्हणाल्या. मी सगळ्या खाल्ल्या. मग त्यांनी विचारलं, डॉक्टरांकडे पुन्हा कधी नेता? मी म्हटलं, मार्च एंड आहे, रजा मिळत नाही. केशरला राहू द्या अजून, त्याला—त्या जिवाला इथे करमतंय. असं मी सांभाळून घेतलं.

त्या म्हणाल्या, बरं.

आता विचार करतो आहे. केशर घरी गेलं, की पुढच्या रविवारी इथे येण्याचं त्यांना काय काम? काही नाही. माणूस कुणाकडे उगीच येत नाही. मला त्यांचं येणं मोडायचं नाही. पण त्या बिचाऱ्या रिकाम्या पेटीचं तापमान बघत बसतात आणि मी शेजारी उभा राहून हो हो म्हणतो. माझी मला लाज वाटते. पुढच्या रविवारी नक्की सांगणार. हे इथे लिहून ठेवलं, म्हणजे माघार घेता येणार नाही.

२३ मार्च, रविवार

सांगावं लागलं नाही. त्यांनीच विचारलं.

आल्या, बसल्या. पोह्यांची बशी हातात घेतली नाही. म्हणाल्या, “देवपुजारी साहेब, एक सांगा. आधी तुम्ही केशरला ‘ती’ म्हणायचे. आता दोन आठवड्यांपासून ‘ते’ म्हणता. का?”

मी म्हटलं, तुमचं लक्ष असतं होय.

“माझी मराठी कच्ची आहे, म्हणून तर लक्ष असतं. तुम्ही मला शिकवता, मी ऐकते. पहिले मला वाटलं शुद्ध मराठीत असंच म्हणतात. घरी पुस्तकात बघितलं, तर मसाल्याचं केशर ‘ते’ असतं, सापाचं नाही. मग तुमच्या भुट्ट्याला तुम्ही ‘तो’च म्हणता. मी आपली मोजत बसली.”

मी खाली बघून सांगितलं. त्या बुधवारचं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही.

“तुम्हाला पंधरा दिवसांपासून पता आहे.”

“हो.”

“मी इथे रिकामी पेटी गरम करत बसली होती आणि तुम्हाला पता होतं. मग का नाही बोलले?”

खरं उत्तर मला पाठ होतं. मार्च एंड, म्हणालो. डॉक्टरांची खात्री नव्हती, म्हणालो. शेवटी म्हणालो, “तुम्ही रविवारी येता म्हणून.”

त्या उठल्या. केशरला अभ्र्यात घेतलं, अभ्रा पेटीत. मी स्कूटरने सोडतो म्हटलं, नको म्हणाल्या. ऑटो केली. उबवणीची पेटी टेबलावर राहिली, तिच्यातला दिवा मी बंद केला.

पोहे तसेच राहिले. सुधावहिनींनी कुंपणावरून विचारलं, आज लवकर गेल्या? मी दार लावून घेतलं.

२६ मार्च, बुधवार

भुट्टा उदास आहे. दिवसभर पाण्याच्या भांड्याखाली लपून बसतो. रवींद्र फोनवर म्हणाला, बाबा, कात टाकायच्या आधी ते तसं करतातच. असेल. पण मला वाटतं त्याला केशरची सवय झाली होती. रोज संध्याकाळी कुणीतरी काचेपलीकडे असायचं, आणि आता नाही. कळतं जनावरांनाही. मी त्याला समजावलं की फोन करणं बरं दिसणार नाही.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. रविवारही आहे. श्रीखंडासाठी चक्का बांधला आहे, एवढा कशाला बांधला कुणास ठाऊक. मी एकटा किती खाणार. फोन तीनदा हातात घेऊन ठेवला. काय म्हणू? केशर कसा आहे, एवढंच विचारता आलं असतं. त्यात वाईट काही नव्हतं. विचारलं नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सकाळी गुढी उभारली. टाउनशिपमध्ये मराठी घरं आता थोडीच उरली, पण आमच्या ओळीत तीन गुढ्या होत्या. सुधावहिनींची काठी वाकडी झाली, ती सरळ करून दिली. घरी येऊन बसलो. अकराच्या सुमारास बेल वाजली.

वैजयंतीबाई. हिरवी साडी. हातात पेटी नव्हती. मी त्यांच्या मागे बघितलं, ऑटोत राहिली की काय म्हणून. ऑटो निघून गेली होती.

“केशर?” मी विचारलं.

“घरी आहे. जेवून झोपला.”

“मग?”

“मग काय? आत येऊ की नको?”

मी बाजूला झालो. त्या बसल्या. मी पंखा लावला, मग बंद केला, मग पुन्हा लावला. त्या बघत होत्या.

“मला राग साप नर निघाला म्हणून नाही आला,” त्या म्हणाल्या. “अंड्यांचं पण जाऊ द्या, थोडं वाईट वाटलं, झालं. राग याचा आला की तुम्ही स्वतःच ठरवून टाकलं, ही बाई फक्त सापासाठी येते. मला विचारलं पण नाही. तुम्ही तर मोजल्याशिवाय काही मानत नाही ना?”

“चुकलं,” मी म्हटलं.

“मग आता विचारा.”

मी पंखा पुन्हा बंद केला. मी विचारलं, “तुम्ही कशासाठी येता?”

त्यांनी पदर नीट केला. म्हणाल्या, “पूर्ण आठवडा मी लॅबमध्ये जे होतं ते लक्षात ठेवते, रविवारी तुम्हाला सांगायला. आधी मी काहीच लक्षात नव्हती ठेवत.”

मग आम्ही जेवलो. श्रीखंड पुरलं. भुट्ट्याने दुपारी कात टाकली, अखंड, डोक्यापासून शेपटीपर्यंत. दोघांनी मिळून ती उन्हात धरून बघितली.

निघताना दारात थांबल्या. म्हणाल्या, “पुढच्या रविवारी तुम्ही या. जेवायला. आतापर्यंत मीच इकडे येत होती, कारण घरमालकाला साप नाही चालत, केशरला मी लपवून ठेवते. दुसऱ्या सापाची पेटी जिन्यावरून न्यायची म्हणजे प्रॉब्लेम.” चपला घातल्या. “तुम्हाला लपवायची गरज नाही. त्यांना मी सांगून ठेवीन, माझ्याकडे पाहुणे येणार आहेत.”

मी येतो म्हटलं. निमित्त काय, ते विचारलं नाही.